ड्रॅगन जमतो, पण नोकरी सोडू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २६ वर्षांची आहे, मूळची सांगली जिल्ह्यातली. उपयोजित कलेची पदवी घेऊन तीन वर्षं पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. काम म्हणजे बटणं, नाणी, खजिन्याच्या पेट्या आणि सणांचे बॅनर. हातात महिना ३८ हजार येतात. रात्री ती स्वतःसाठी फॅन्टसी चित्रं काढते. पत्त्यांच्या खेळांसाठी आणि टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे खेळ) चित्रं काढणं हेच पूर्णवेळ करावं, अशी तिची इच्छा आहे. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या प्रकाशकांना तिने दोनदा पोर्टफोलिओ पाठवला, उत्तर आलं नाही. आता अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशकाने नियमपुस्तकासाठी अर्ध्या पानाची १२ चित्रं मागितली आहेत. प्रत्येकी ६० डॉलर, मुदत सहा आठवडे, सगळे हक्क प्रकाशकाचे. ऑफिसात रोज एआयची चर्चा आहे आणि वडील म्हणतात, एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, कर आणि शाळेत लाग. तिचे प्रश्न: हे काम घेऊ का? नोकरी सोडू का? ज्याच्या स्क्रीनवरच पेनने काढता येतं असा स्क्रीनवाला टॅब्लेट घेतला तर दर्जा सुधारेल का? आणि इतक्या लांब बसून हे करिअर होतं तरी का?

सप्रेम नमस्कार,

प्रश्न चार विचारलेत, पण चारही प्रश्नांमागे एकच समजूत दिसते. चित्र पुरेसं चांगलं झालं की काम आपोआप येईल, आणि काम येत नाही म्हणजे चित्रं कमी पडतायत. पत्रासोबतची १४ चित्रं नीट पाहिली. खवले, चिलखताची चमक, ओल्या कापडाचं वजन हे सगळं तुम्हाला येतं. तरीही मी आर्ट डायरेक्टर, म्हणजे प्रकाशकासाठी चित्रकार निवडणारी, असते तर तुम्हाला आज काम दिलं नसतं, आणि त्याचं कारण रंगकामात नाही.

१४ पैकी ११ चित्रांत एकच व्यक्ती उभी आहे, समोर बघते आहे, आणि मागे धूर आहे. चार ठिकाणी हात झग्यात गेलेत, सहा ठिकाणी पाय धुक्यात. दोन माणसं एकमेकांशी काही करतायत असं चित्र एकही नाही. घराच्या आतला प्रसंग नाही, दिवसाचा उजेड नाही, मूल नाही. आर्ट डायरेक्टरच्या हातात वीस-पंचवीस चित्रांची यादी असते आणि त्यातली बहुतेक अशीच असतात: खाणावळीत तिघांची भांडणं, पुलावर अडलेली गाडी, जखमी साथीदाराला ओढून नेणारी बाई. ही मुलगी हे काढू शकेल का, हे त्याला तुमच्या पोर्टफोलिओत दिसत नाही. तो धोका पत्करत नाही आणि पुढच्या नावाकडे जातो. न आलेल्या उत्तराचा अर्थ बहुधा एवढाच असतो.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची एकटी, देखणी नायिका आपल्याकडच्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की फॅन्टसी काढायला बसलं तरी तीच तलवार घेऊन उभी राहते. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं सगळ्यांना आठवतात. त्यांनी कथांसाठी काढलेली आतली चित्रं शोधून बघा. तिथे कुणीतरी दार ढकलत असतं, कुणी मागे वळून पाहत असतं. तुम्हाला शिकायचं आहे ते तिथे आहे.

तर पोर्टफोलिओचं बघू. १४ पैकी तीनच ठेवा: दलदलीतला ड्रॅगन, कंदीलवाली म्हातारी आणि घोडेस्वार. गाजलेल्या गेममधल्या पात्रांची फॅन-आर्ट काढून टाका, नुसती सरावाची चित्रंही वगळा. पोर्टफोलिओ १० ते १२ चित्रांचा पुरतो, आणि त्यातलं सगळ्यात कच्चं चित्रच तुमचा दर्जा ठरवतं, कारण मुदतीच्या धावपळीत तुम्ही तिथेच उतराल असं समोरचा गृहीत धरतो. उरलेली सात-आठ चित्रं नव्याने काढायची आहेत, आणि ती स्वतःच स्वतःला ब्रीफ, म्हणजे चित्रात काय हवं याची सूचना, देऊन. ब्रीफ लेखी असू द्या, मनातलं नको. उदाहरणार्थ: आडवं चित्र, पत्त्यासाठी. तळघरातली लोहारशाळा. पन्नाशीची लोहारीण तुटलेली तलवार तरुण सरदाराला परत देते आहे, तो घ्यायला कचरतो. उजेड फक्त भट्टीचा. दोघांचे चेहरे आणि चारही हात दिसायला हवेत. मुदत तीन आठवडे.

एवढं लिहिलं की धुराला जागाच उरत नाही.

मग क्रम असा ठेवा. पहिल्या दोन संध्याकाळी हाताच्या तळव्याएवढी पंधरा-वीस लघुचित्रं, फक्त काळा, करडा आणि पांढरा. त्यातली तीन निवडा आणि ती अशी निवडा की तिन्हींत कॅमेऱ्याची जागा खरोखर वेगळी असेल. एकच रचना तीनदा थोडी सरकवून पाठवणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे आणि ती लगेच ओळखू येते. एक रचना पक्की झाली की संदर्भासाठी फोटो काढा. मैत्रिणीला उभं करा, एकच बल्ब लावा, बाकी खोली अंधारी ठेवा. ढाल पुठ्ठ्याची, झगा म्हणून सोलापुरी चादर चालते. फोन अडीच-तीन मीटर लांब ठेवून झूम करा. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. जवळून काढलं की पुढचा हात भोपळ्याएवढा येतो, आणि तोच बिघाड पुढे रंगवलेल्या चित्रात जातो. तुमच्या घोडेस्वारात नेमकं हे झालंय. बाकी चित्र चांगलं आहे म्हणून ठेवायला सांगितलं, पण उजवा हात दुरुस्त करा.

त्यानंतर रंगाचा कच्चा आराखडा, एक-दोन तासांचा, आणि मग अंतिम चित्र. दर टप्प्यावर दोन तपासण्या करा. एक, चित्र कृष्णधवल करून बघा. माणसाचा गट आणि मागचा गट यांच्या छटा एकमेकांत मिसळत असतील तर रंगाने ते सावरणार नाही. तुमच्या बऱ्याच चित्रांत सगळंच मधल्या करड्यात आहे, आणि मग आकृती सुटी दिसावी म्हणून प्रत्येक कडेला निळी चमक लावली आहे. ती चमक उपाय नाही, रचना फसल्याची खूण आहे. दोन, चित्र पाच सेंटिमीटर रुंद करून बघा. मॅजिकचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो आणि त्यावरची चित्राची चौकट पाच सेंटिमीटरहून जेमतेम मोठी. समोर बसलेल्या खेळाडूला पत्ता उलटा, हातभर अंतरावरून दिसतो. तेवढ्यात कोण काय करतंय हे कळलं पाहिजे. खवले कुणी मोजत नाही.

आकृती आणि पार्श्वभूमी यांची क्षितिजरेषा एक आहे का, तेही बघा. माणूस डोळ्यांच्या उंचीवरून आणि मागचा किल्ला विमानातून, असं तुमच्या दोन चित्रांत आहे. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात साधे ठोकळे ठेवून खोली उभी केली तरी हा प्रश्न सुटतो. त्यासाठी मॉडेलिंगचा कोर्स करायला नको.

चिलखतं आणि शस्त्रं इंटरनेटवरच्या दुसऱ्या फॅन्टसी चित्रांवरून उचलू नका; नकलेची नक्कल होते आणि कोपरात न वाकणारं चिलखत तयार होतं. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात शस्त्रं आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ढाली, कट्यारी, दांडपट्टे आहेत. वही घेऊन जा आणि मूठ हाताशी कशी बसते, पट्टा कुठे शिवला आहे, म्यान कशाला अडकवलं आहे हे काढून आणा. बुरुज कसा झिजतो हे बघायला तुम्हाला स्कॉटलंडला जायची गरज नाही. पोर्टफोलिओत दोन चित्रं अशा ओळखीच्या मातीतली असावीत, कारण तिथे तुमच्याकडे आहे ते इतरांकडे नाही. सगळीच्या सगळी मात्र नकोत. युरोपीय धाटणीच्या खेळाचा प्रकाशक सरदार आणि किल्लेच मागणार, आणि ते येतात हेही दिसलं पाहिजे.

आता पाठवायचं कुणाला? तुम्ही थेट शिखरावर पत्र टाकलंत. विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली मॅजिक आणलं तेव्हा कंपनी लहान होती आणि नवख्या चित्रकारांनाही तिथे जागा होती. आज तिथे जगभरातले मुरलेले लोक रांगेत आहेत. त्या कंपन्या सहसा अशाच माणसाला बोलावतात, ज्याचं नाव दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात आधी छापून आलंय. म्हणून मधल्या पायऱ्या लागतात. तुमच्या आजच्या दर्जाच्या, किंवा त्याहून किंचित वरच्या, पंचवीस-तीस पुस्तकांची यादी करा. रोल-प्लेइंग गेमच्या पुस्तकात श्रेयनामावलीचं पान असतं आणि आर्ट डायरेक्टरचं नाव तिथे छापलेलं असतं. ड्राइव्हथ्रू आरपीजी या अशा पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात नमुनापानं पाहता येतात, आणि लोकांकडून आधी पैसे जमवून पुस्तक काढायच्या किकस्टार्टर या साइटवरच्या मोहिमांत बऱ्याचदा चित्रकारांची नावं दिलेली असतात. ईमेल पाच ओळींचं: कोण, काय काढते, त्यांचं कुठलं पुस्तक पाहून लिहिते आहे, कधीपासून मोकळी आहे, दुवा. तीन चित्रं मेलमध्येच दिसतील अशी लावा, लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेल. वीस एमबीच्या फाइली नकोत. दर तीन-चार महिन्यांनी नवीन चित्र असेल तरच पुन्हा लिहा. "माझं मेल मिळालं का?" असं विचारू नका.

याखेरीज दोन वाटा आहेत, ज्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही आणि ज्यांवर बरेच चित्रकार प्रत्यक्षात जगतात. एक म्हणजे खेळाडूंना त्यांच्या स्वतःच्या पात्राचं चित्र काढून देणं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम खेळणारा माणूस वर्षानुवर्षं एकच पात्र खेळतो आणि त्याच्या चित्रासाठी शंभर-दोनशे डॉलर आनंदाने देतो. अर्धे पैसे आधी घ्यायचे. दुसरी वाट म्हणजे स्वतःच पुस्तक छापणाऱ्या इंग्रजी कादंबरीकारांची मुखपृष्ठं. एका मुखपृष्ठाला आतल्या अर्ध्या पानाच्या चित्राच्या कितीतरी पट पैसे मिळतात. दोन्हींत प्रतिष्ठा कमी समजली जाते. ती समजूत मला पटत नाही.

आता तुमच्या हातातलं काम. तुम्ही विचारलंय, ही पिळवणूक आहे की संधी? आधी हिशेब मांडू. १२ चित्रं, ६० डॉलरने ७२० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ६१,२०० रुपये. पेपॅलसारख्या मार्गाने घेतले तर शुल्क आणि चलनबदलातला फरक धरून चार-साडेचार हजार जातील. उरले ५७ हजारांच्या आसपास. दोन आकृती आणि पार्श्वभूमी असलेलं अर्ध्या पानाचं चित्र तुमच्या वेगाने, लघुचित्रांपासून दुरुस्त्यांपर्यंत, किमान २२ तास घेईल. म्हणजे २६४ तास. ताशी २१५ रुपये पडले. तुमचा पगार महिना २०० तासांनी भागला तर ताशी १९० येतो.

म्हणजे दर कमी आहे हे खरं, पण तुमच्या नोकरीच्या दरापेक्षा वाईट नाही. (नोकरीत पीएफ, सुट्ट्या आणि कंपनीचा कॉम्प्युटर असतो, तो भाग वेगळा.) खरी अडचण मुदतीत आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून दहा तास धरले तर आठवड्याला वीस तास होतात. २६४ तासांना तेरा आठवडे लागतील. प्रकाशक सहा देतोय. हे काम जसंच्या तसं घेतलंत तर चौथ्या आठवड्यात आजारी पडाल किंवा शेवटची पाच चित्रं धुरात गुंडाळून द्याल. तुमच्या नावावर छापून येतील ती तीच. या धंद्यात वाईट चित्रापेक्षा उशिरा आलेलं चित्र जास्त दिवस लक्षात राहतं.

म्हणून नकार देऊ नका, मांडणी बदला. "सहा आठवड्यांत पाच चित्रं नक्की देईन, किंवा चार अर्ध्या पानाची आणि चार छोटी, पार्श्वभूमी नसलेली, एकेका वस्तूची किंवा चेहऱ्याची." छोटं चित्र सहा तासांत होतं, त्याचा दर २५ डॉलर सांगा. दुसऱ्या पर्यायाचे चार बावीसे अठ्ठ्याऐंशी आणि चोवीस, असे ११२ तास झाले. सहा आठवड्यांचे तुमच्याकडे १२० आहेत. जेमतेम बसतं, पण बसतं. दर ६० वरून ७५ मागून बघा. छोट्या प्रकाशकाला ते जमेलच असं नाही, मात्र विचारल्याने काम जात नाही. पैसे वाढत नसतील तर अटी वाढवून घ्या, आणि हा भाग काळजीपूर्वक वाचा.

करारात "वर्क मेड फॉर हायर" असं लिहिलेलं असणार. अमेरिकी कायद्यात याचा अर्थ चित्राचा कर्ता म्हणून प्रकाशकच धरला जातो आणि कॉपीराइट पहिल्या दिवसापासून त्याचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ नुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. त्याच्या भरवशावर राहू नका. करारात अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा कायदा लागू असं लिहिलेलं असतं. या क्षेत्रात सगळे हक्क देणं नेहमीचंच आहे, आणि त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. तुम्ही मागायचं ते हे: पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर चित्र पोर्टफोलिओत दाखवायची आणि त्याचे प्रिंट विकायची परवानगी, पुस्तकात नाव, छापील प्रत. दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या. रेखाटन मंजूर झाल्यावर ब्रीफ बदललं तर वेगळे पैसे. काम मध्येच रद्द झालं तर रेखाटनाच्या टप्प्यावर पाव आणि रंगाच्या टप्प्यावर निम्मं मानधन. पैसे "स्वीकारल्यावर तीस दिवसांत", "प्रसिद्ध झाल्यावर" नाही. किकस्टार्टरवरची पुस्तकं वर्ष-वर्ष रखडतात आणि तुमचे पैसेही त्यांच्याबरोबर रखडतात. पहिल्यांदाच काम करत असाल तर तीन-तीन चित्रांच्या गठ्ठ्याने पैसे मागा. पहिल्या गठ्ठ्याचे आले नाहीत तर दुसरा पाठवायचा नाही.

फाइलीचंही आधीच विचारून घ्या. ३०० डीपीआय, चारही बाजूंना किमान तीन मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी कड) आणि त्याबाहेर थोडं जास्तीचं चित्र, कारण पान लावणारा माणूस चौकट हलवतोच. छपाईत गडद भाग आणखी गडद होतो, झगमगता निळा आणि हिरवा मरतो. तुमच्या जादूच्या सगळ्या ज्वाळा त्याच निळ्यात आहेत. सीएमवायके प्रीव्ह्यू, म्हणजे छपाईच्या शाईत रंग कसे दिसतील ते दाखवणारी सोय, लावून बघितल्याशिवाय फाइल पाठवू नका.

अमेरिकी प्रकाशक डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल. तुम्ही अमेरिकेच्या करदात्या नाही हे त्यात जाहीर करायचं असतं. पैसे आले की बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून परकीय रक्कम आल्याचा दाखला घ्या आणि उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. पहिल्याच वर्षी एखाद्या सीएला तासभर भेटा. नंतर निस्तरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणखी एक, सही करण्याआधी. तुमच्या नोकरीचं नेमणूकपत्र काढून वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेलं चित्र मालकाचं होतं. घरी, स्वतःच्या वेळेत काढलेलं तुमचं. पण बऱ्याच गेम कंपन्यांच्या करारात बाहेरचं काम करायला बंदी किंवा आधी परवानगीची अट असते. एचआरला लेखी विचारा. आणि ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं फोटोशॉप या कामाला लावू नका. घरी क्लिप स्टुडिओ पेंट घ्या. तेही नको असेल तर क्रिता फुकट आहे.

एआयबद्दल तुम्ही एकाच ओळीत विचारलंय, पण भीती मोठी दिसते. ती पूर्ण खोटी नाही. तळातलं स्वस्त काम, म्हणजे पाच-दहा डॉलरची चित्रं आणि हलक्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, त्याने खाल्लं आहे. वरच्या बाजूला मात्र उलटं घडलं. २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एका पुस्तकातल्या चित्रकाराने आपल्याच चित्रांवर एआयने हात फिरवल्याचं उघड झालं, खेळाडू खवळले आणि त्या खेळाच्याही प्रकाशक असलेल्या विझार्ड्सने चित्रकारांसाठी एआयला मनाई असल्याचं नियमांत लिहिलं. यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. निव्वळ यंत्राने बनवलेल्या चित्राला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही, आणि जे स्वतःच्या मालकीचं नाही ते प्रकाशक पत्त्यावर छापून वर्षानुवर्षं कसं विकणार? तेव्हा पोत, पार्श्वभूमी, रिझोल्यूशन वाढवणं यासाठीसुद्धा विचारल्याशिवाय वापरू नका. लेयर असलेल्या फाइली, लघुचित्रं, संदर्भाचे फोटो जपून ठेवा. "हे तुम्हीच काढलंय का?" असं हल्ली विचारतात, आणि त्यात राग मानायचं कारण नाही.

आता नोकरी. सोडू नका; निदान आज नाही. फॅन्टसी चित्रकार म्हणजे पत्ते रंगवून जगणारा माणूस, हे बाहेरून दिसणारं चित्र आहे. मॅजिकच्या सुरुवातीच्या दिवसांत चित्रकारांना रॉयल्टीही मिळे. ती कधीच बंद झाली. आता चित्राचे एकरकमी पैसे मिळतात. नावाजलेले लोक त्याखेरीज मूळ तैलचित्रं विकतात, प्रिंट विकतात, चित्रकाराला मिळणाऱ्या, पाठ कोरी असलेल्या आर्टिस्ट प्रूफ पत्त्यांवर सह्या करून विकतात, शिकवतात. डिजिटल काम करणाऱ्याकडे विकायला मूळ चित्रच नसतं. (म्हणून आता तैलरंगाकडे वळू का, असं विचाराल. नका वळू. इथून ओलं चित्र अमेरिकेला पाठवण्याचा व्याप या टप्प्यावर परवडणारा नाही.) म्हणजे उत्पन्न चार-पाच झऱ्यांचं असतं आणि प्रत्येक झरा तयार व्हायला वर्षं जातात.

सोडण्याची खूण मनाच्या ओढीवरून ठरवू नका. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला आहेत. सलग नऊ-दहा महिने बाहेरच्या कामातून पगाराच्या निम्म्याएवढी रक्कम येते आहे. ती तीन तरी वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आहे. आणि त्यातल्या एकाने दुसऱ्यांदा स्वतःहून काम दिलं आहे. या चारही गोष्टी झाल्या की राजीनाम्याचा विचार करा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. पहिलं काम चित्रं बघून मिळतं, दुसरं तुम्ही कसं काम केलंत त्यावर.

तोवर मधली एक वाट तुमच्या ऑफिसातच आहे. कंपनीच्या गेमला जाहिरातीची मोठी चित्रं, लोडिंग स्क्रीन, सणाच्या कार्यक्रमाचं मुख्य चित्र लागतंच. ते कोण काढतं? बाहेर देत असतील तर पुढच्या वेळी तीन लघुचित्रं न मागता नेऊन दाखवा. पत्त्याच्या चित्राला लागते तीच रचना तिथे लागते आणि शिकण्याचे पैसे कंपनी देते. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि 'राजी' हा आपल्या पुराणांच्या वळणाचा गेम २०२० मध्ये पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने आणला. बटणांकडून कन्सेप्ट आर्टकडे (गेममधली पात्रं आणि जागा कशा दिसतील हे आधी ठरवणारी चित्रं) किंवा मार्केटिंग चित्रांकडे सरकलात तर राजीनामा न देताच निम्मी वाट संपेल.

वडिलांचं म्हणणं झटकून टाकू नका, पण ते नेमकं काय म्हणतायत ते ऐका. त्यांना तुम्ही शिक्षिका व्हावं असं वाटतं की महिन्याच्या महिन्याला पैसे यावेत असं? एटीडीची दोन वर्षं आणि नंतर भरतीची वाट बघणं हे शिकवायची आवड असेल तरच करण्यासारखं आहे. दुसरंच असेल तर त्यांना वर लिहिलेल्या चार अटी दाखवा. "मी नोकरी सोडत नाही, या अटी पुऱ्या झाल्या की तुम्हाला विचारून सोडेन," हे वाक्य त्यांना तुमच्या कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त कळेल. पुढे नोकरी सुटल्यावर एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांचा शनिवार-रविवारचा क्लास हा एक झरा असू शकतो, आणि त्याला तुमची आताची पदवी पुरते.

टॅब्लेटचं राहिलं. नको. आहे त्या बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर दलदलीतला ड्रॅगन झाला आहे, तर लोहारीणही होईल. खर्च करायचाच असेल तर एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि रोज रात्री फाइलींची प्रत त्यात टाका. आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर घ्या. तुमची सगळी चित्रं मला जरा जास्तच काळी दिसली, तुमच्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असणार. तो निम्म्यावर आणा आणि जुनी तीन चित्रं पुन्हा उघडून बघा. प्रकाशकाला उत्तर त्यानंतर लिहा, पण या आठवड्यातच. तो सहा आठवडे आणि १२ चित्रं यांवरच अडून बसला तर आभार मानून नाही म्हणा आणि लोहारशाळेचं ब्रीफ हातात घ्या.